युरोपातल्या मंडळींसाठी अमेरिकेतून काय न्यावं? (हर्शीज चॉकलेटं सोडून बोला)

सुरळीची_वडी (कोलंबिया, मेरीलँड)

नमस्कार मंडळी,

थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली की मी, नवरा आणि मुलगा असे युरोपात निघतोय, ख्रिसमसच्या आत परत. बघण्याची ठिकाणं कमी, माणसं जास्त असा बेत आहे. आधी आइंडहोव्हनला नणंदेकडे. मग कार्ल्सरुहेला नवऱ्याच्या जुन्या घरमालकीणबाईंकडे. हा तिथे शिकत असताना त्यांच्या माडीवर राहायचा. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण अजूनही याच्या वाढदिवसाला हाताने लिहिलेलं पत्र न चुकता येतं. शेवटी लियॉनला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचा नवरा फ्रेंच आहे, आणि एका संध्याकाळी तिच्या सासूबाईंकडे जेवायला जायचं ठरलंय.

भारतात जाताना हा प्रश्नच येत नाही. बदाम, पिस्ते, चॉकलेटं, आत्याला मल्टिव्हिटॅमिन, मामाला थर्मास. यादी वर्षानुवर्षं तीच, घाऊक दुकानात एक चक्कर मारली की काम झालं. युरोपच्या बाबतीत मात्र डोकं चालत नाही. दुकानात जे उचलते त्याच्यावर नवरा म्हणतो, "हे तिकडे मिळतं." विमानतळावरच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या चुंबकाला हात लावला तर खाली 'मेड इन चायना'.

नणंदेची मुलगी १३ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घरटी पन्नास-साठ डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे. वजनाचं म्हणाल तर एक बॅग आधीच गेल्यात जमा आहे, कारण सासूबाईंनी आपल्या लेकीसाठी, म्हणजे नणंदेसाठी, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं आणि घरी कढवलेलं तूप पुण्याहून आमच्याकडे पोचतं केलंय.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा. "तुमचं येणं हीच भेट" असं लिहिणाऱ्यांना आधीच धन्यवाद.


उंटावरचा_शहाणा (सनीव्हेल)

अमेरिकेत मिळणाऱ्या आणि युरोपात न मिळणाऱ्या गोष्टी तीनच: ग्लासभर बर्फ, हॉटेलात फुकट पाणी आणि पैसे न मागणारे संडास. तिन्ही बॅगेत मावत नाहीत. हलके घ्या.


कैरीचं_पन्हं (कार्ल्सरुहे)

सुरळीची वडी, तुम्ही देणाऱ्याच्या बाजूने विचारताय, मी घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. मी मूळची सांगलीची, लग्न झाल्यापासून कार्ल्सरुहेत. धाकटे दीर न्यू जर्सीत, आतेबहीण टेक्सासात, नवऱ्याचे अर्धेअधिक मित्र कॅलिफोर्नियात. यातलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात आमच्या दारात उभं असतं, आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. त्यातलं काय आठवड्यात संपतं आणि काय फडताळात मागे मागे सरकत जातं, याचा माझा अभ्यास दांडगा आहे.

मागे सरकणारं आधी सांगते. हर्शीज. आपण भारतातून अमेरिकेत गेलेल्यांना त्या चवीची सवय होते, पण इथल्या माणसाला तो पहिला घास आंबूस लागतो. त्या चॉकलेटच्या दुधात ब्युटिरिक आम्ल तयार होतं असं सांगतात. तेच आम्ल परमेसान चीजमध्ये असतं आणि ओकारीतही असतं. जर्मन माणसाला नेमकी दुसरी गोष्ट आठवते आणि तो ती तोंडावर बोलूनही दाखवतो. रीसेस, एम अँड एम्स, ओरिओ, प्रिंगल्स हे सगळं आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. रूट बीर तर चुकूनही नको. तो वास इथे कुणालाच पेय वाटत नाही, आणि आपल्याला थेट आयोडेक्स चोळल्यासारखं वाटतं (उगाच नाही, विंटरग्रीनचाच वास दोन्हीकडे). मेपल सिरप इथे कॅनडाहून ढिगाने येतं. तुमच्या राज्याच्या पश्चिम टोकाला, गॅरेट काउंटीत, ते काढतात. तिथल्या शेतावरची बाटली मिळाली तरच न्या. विजेवर चालणारं काहीही नको. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. दिरांनी हौसेने आणलेलं मक्याच्या लाह्यांचं यंत्र आमच्या तळघरात पडून आहे.

माझं म्हणणं एवढंच की 'अमेरिका' म्हणून जे जगाला माहीत आहे ते इथे कधीच येऊन बसलंय. अजून यायचं राहिलंय ते तुमच्या गावचं. टेक्सासच्या बहिणीने एकदा नेहमीची चॉकलेटं सोडून घराजवळच्या बागेतले भाजलेले पिकान (अक्रोडासारखा सुका मेवा) आणले. आमच्या शेजारीण बाई अजून विचारतात, तुमची ती बहीण परत कधी येणार? बहिणीची चौकशी कशासाठी चाललीय हे मला चांगलं कळतं. पिकान इथे चिमूटभर पाकिटात आणि सोन्याच्या भावात मिळतात.

आणि तुम्ही मेरीलँडच्या! तुमच्याकडे ओल्ड बे आहे की! खेकड्यांपासून बटाट्याच्या वेफर्सपर्यंत तुम्ही लोक ते कशावरही भुरभुरता, पण तो मसाला मूळ कुणाचा ते माहीत आहे का? गुस्ताव ब्रुन नावाच्या जर्मन ज्यू मसालेवाल्याचा. त्याचा धंदा होता वेर्टहाइमला. हे गाव माइन नदीवर, आमच्याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात. नाझी सत्तेवर आल्यावर गिऱ्हाइकं तुटली, तो फ्रँकफर्टला गेला. १९३८ च्या नोव्हेंबरात देशभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली, तेव्हा त्याला पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. सुटका झाल्यावर बायकामुलांसह तो बाल्टिमोरला पोचला आणि मासळीबाजारासमोर मसाल्याचा धंदा मांडला. खेकडे उकडून विकणारे येऊन सुटे मसाले घेऊन जात. ते बघून त्याने आपलं मिश्रण तयार केलं: सेलरीचं मीठ, मिरी, लाल मिरची, पाप्रिका आणि बरंच काही. ओल्ड बे हे नाव बाल्टिमोरहून नॉरफोकला जाणाऱ्या जुन्या आगबोटींच्या कंपनीचं. १९९० मध्ये मॅकॉर्मिक या मसाला कंपनीने तो ब्रँड विकत घेतला, पण पिवळा-निळा डबा तसाच राहिला.

आता तुमच्या घरमालकीणबाई. ऐंशीच्या पुढच्या म्हणजे युद्धाच्या सावलीत जन्मलेल्या. त्यांना ही गोष्ट सांगावी का? मी सांगेन. या पिढीतले बरेच जण त्या काळाबद्दल बोलायला कचरत नाहीत, उलट आपण विषय टाळतो तेच त्यांना खटकतं. पण बाईंना तुमचे यजमान ओळखतात, मी नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. गोष्ट सांगा न सांगा, डबा मात्र द्या. इथे रात्रीच्या जेवणाला तव्यावर परतलेले बटाटे आणि अंडी घराघरांत होतात. त्यांच्यावर ओल्ड बे इतकं चपखल बसतं की पहिल्या आठवड्यातच डबा अर्धा होतो. आमच्याकडे बटाट्याच्या काचऱ्यांवरही जातो, सासूबाईंनी मात्र त्याला मान्यता दिलेली नाही.

दुसरं, बाई पत्रं लिहितात ना? मग त्यांना पत्रच द्या. यजमानांनी स्वतःच्या हाताने, मोडक्या जर्मनमध्ये का होईना, दोन पानं लिहावीत. जोडीला लेकाचे फोटो. ४ बाय ६ इंचाचा फोटो इथल्या १० बाय १५ सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये बसतो, त्यामुळे तिकडूनच छापून आणा. डिसेंबर आहे तर पुढच्या वर्षाचं फोटो कॅलेंडरही उत्तम, जर्मन स्वयंपाकघराच्या भिंतीला ते लागतंच. मात्र छापायला टाकताना आठवडा सोमवारपासून सुरू होणारा निवडा. अमेरिकन कॅलेंडर रविवारी सुरू होतं. बाई चष्मा लावून डॉक्टरची तारीख भलत्याच वाराखाली लिहितील. आणि त्यांचा वाढदिवस जवळ आला असेल तर आगाऊ शुभेच्छा देऊ नका, ते इथे अपशकुनी समजतात.

चार वाजता बोलावलं तर चारला पोचा. कॉफी आणि केक असेल. तेव्हा हातात पिकानचं पाकीट असावं. फारच उत्साह असेल तर त्यांच्या ओव्हनमध्ये तुम्ही पिकान पाय करा. म्हाताऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात त्याच्या परवानगीने काही करणं, ही मला तरी विकतच्या वस्तूपेक्षा मोठी भेट वाटते. कॉर्न सिरप इथे शोधत बसू नका, मी मेपल घालते. आणि मापाचे कप घरून आणा. इथे सगळं ग्रॅममध्ये चालतं, त्यामुळे 'पाऊण कप' म्हटलं की बाई चहाचा कप पुढे करतील.

यजमानांचे तिथले जुने मित्र असतील आणि माप माहीत असेल तर जीन्स आणायला हरकत नाही. लीव्हायजची तिकडे स्वस्त पडते, माप दोन्हीकडे इंचातच. लीव्हाय स्ट्राउसही जर्मनच, १८२९ साली बव्हेरियातल्या बुटेनहाइममध्ये जन्मला, त्या घरात आता संग्रहालय आहे. जर्मन माणसाला जर्मनीतून गेलेली गोष्ट परत आणून देणं हा माझा आवडता उद्योग आहे.

बाकी ट्रेडर जोज, तुमच्याकडची किराणा दुकानांची साखळी. त्यांची कॅनव्हासची पिशवी वजनाला काहीच नाही, पैशाला त्याहून कमी, आणि इथली कॉलेजची पोरं ती खांद्याला लावून मिरवतात. १३ वर्षांच्या भाचीला डोळे झाकून द्या. सुका मेवा मात्र त्या दुकानातला नेऊ नका. ट्रेडर जोज १९७९ पासून आल्डी नोर्ड या जर्मन किराणा साखळीच्या मालकांचं आहे, आणि उत्तर जर्मनीत आल्डीच्या फळीवर त्याच नावाने काजू-बदाम मिळतात. माझ्या हॅम्बुर्गच्या मैत्रिणीला कुणीतरी सातासमुद्रापलीकडून तेच आणून दिले होते. बिचारी छान हसली.

प्रतिसाद फार लांबला, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.


सायकलवाला_सदाशिव (व्हेल्डहोव्हन)

पन्हंताईंना +१. नेदरलँड्सपुरती भर घालतो, कारण तुमची नणंद आमच्या शेजारच्याच गावात.

पीनट बटर आणू नका. डच लोक ते सकाळी पावावर थापूनच मोठे होतात आणि त्यांचंच त्यांना श्रेष्ठ वाटतं. लेगो आणू नका, ते डेन्मार्कचं, म्हणजे तुम्ही समुद्र ओलांडून शेजारच्याचंच सामान आणाल.

तुमची वेळ भन्नाट आहे. ५ डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे इथे सिंटरक्लास, मुलांना भेटी आणणाऱ्या संताचा (सिंटचा) सण. मुलांना खऱ्या भेटी मिळतात त्या तेव्हा. अनेक घरांत ख्रिसमसला तेवढं महत्त्व नसतं. भेट कुणी दिली ते सांगायचं नाही, ती सिंटकडून आलेली असते, आणि तिच्यासोबत एक यमक जुळवलेली कविता असते, जिच्यात घेणाऱ्याची यथेच्छ थट्टा केलेली असते. तुम्ही मामी आहात, हक्क आहे. मराठीत चार-चार ओळी खरडा. आमच्या घरी माझ्या मेव्हण्याने पोराच्या सायकलच्या पंक्चरवर आर्या रचली होती, ती अजून फ्रिजवर आहे. तेव्हा पोचल्या पोचल्या भेटी मुलांच्या हातात न देता गुपचूप नणंदेकडे द्या.

७ वर्षांच्या मुलासाठी माझ्या मते सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त भेट म्हणजे क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं. १९९९ ते २००८ या काळात अमेरिकेने प्रत्येक राज्याचं एक अशी ५० नाणी काढली, वर्षाला पाच, राज्यं संघात ज्या क्रमाने सामील झाली त्या क्रमाने. मेरीलँडचं २००० सालचं, त्यावर तुमच्या विधानभवनाचा घुमट. ही नाणी बसवायला नकाशाची घडीची पुठ्ठ्याची पाटी मिळते. पन्नास नाण्यांचे साडेबारा डॉलर. सगळी भरून आणू नका, वीसेक आणा आणि बाकीची भोकं रिकामी ठेवा. पुढची दोन वर्षं अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे खिसे तो पोरगा तपासेल. बँकेत मागितलं तर क्वार्टरचा दहा डॉलरचा रोल देतात, रात्री टीव्ही बघता बघता निवडत बसा.

मेव्हण्यांसाठी, म्हणजे तुमच्या नणंदेच्या यजमानांसाठी, बाल्टिमोर ओरिओल्सची टोपी. रंग नारिंगी! बेसबॉल इथे कुणाला फारसा कळत नाही, पण २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो तेव्हा अख्खा देश नारिंगी घालून रस्त्यावर येतो. दर वर्षी ती टोपी निघेल.

१३ वर्षांच्या मुलीबाबत पिशवी ठीक आहे, पण सरळ तिलाच विचारा. अर्ध्या तासात लिंक येतील. सरप्राइझ द्यायचं वय गेलं.

एक सूचना: इथे भेट समोरच उघडतात आणि "अरे, हे आहे आमच्याकडे" असं निर्मळपणे सांगतात. मनाला लावून घेऊ नका. फार महागडं दिलंत तर मात्र समोरचा माणूस अवघडतो.


सुरळीची_वडी

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ओल्ड बेची गोष्ट मी इथे राहून मला माहीत नव्हती, नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, बाईंना नक्की सांगू या, त्या स्वतः शाळेत इतिहास शिकवायच्या. क्वार्टरचं कालच मनावर घेतलं, लेक आणि मी गल्ला फोडून बसलो होतो.

आता उरलेल्या शंका. तूप नेता येईल ना? नवऱ्याला मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी बाल्टिमोरची राय व्हिस्की घ्यायची आहे, ती चालेल? आमचं विमान फ्रँकफर्टला बदलून ॲम्स्टरडॅमला जातं, मग कस्टम्स कुठे? आणि फ्रेंच सासूबाईंचं काय करू?


नियमावर_बोट (न्यूअर्क)

क्रमाने सांगतो.

तूप नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि तूप हे दुधाचंच. घरचं असो की डब्यातलं, काढून घेतील. याच नियमाने बीफ जर्की (वाळवलेलं गोमांस) हीही बाद, जी अमेरिकेतून येणारे लोक सर्रास आणतात. चॉकलेट, बिस्किटं, केक, गोळ्या चालतात. मध २ किलोपर्यंत चालतो. भाजणी, मेतकूट, मसाला, लोणचं यांत दूध-मांस नाही, त्यांची काळजी नको. लोणच्याला मात्र दोन पिशव्या घाला, कस्टम्सपेक्षा तेलाची भीती जास्त. ताजी फळं नेऊ नका, त्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो.

व्हिस्की चालेल. १७ वर्षांवरच्या माणसाला २२ टक्क्यांहून कडक दारू एक लिटर माफ आहे. अमेरिकन बाटली ७५० मिलीची, म्हणजे माणशी एकच. मोजमोजून दुसरी घेऊ नका.

विमानाने येणाऱ्या मोठ्या माणसाला ४३० युरोपर्यंतचं सामान कराशिवाय आणता येतं, भेटी त्यातच धरायच्या. मुलांसाठी ही मर्यादा काही देशांत कमी आहे. एकच वस्तू ४३० च्या वर असेल तर ती दोघांत वाटून दाखवता येत नाही. तुमच्या यादीत तसं काही दिसत नाही, तरी पावत्या फोनमध्ये ठेवा.

फ्रँकफर्टला पासपोर्टची आणि हातातल्या सामानाची तपासणी. चेक-इन केलेल्या बॅगांचं कस्टम्स शेवटच्या विमानतळावर, म्हणजे ॲम्स्टरडॅमला.

निघताना: मेपल सिरप, मध, जॅम आणि पीनट बटरसुद्धा सुरक्षा तपासणीत द्रव धरतात. १०० मिलीच्या वर असेल तर मोठ्या बॅगेत टाका. भेटी रंगीत कागदात बांधून नेऊ नका, शंका आली तर फाडून बघतात. कागद आणि चिकटपट्टी वेगळी न्या, नणंदेकडे बसून बांधा.

औषधं भेट म्हणून नकोत. अमेरिकेत किराणा दुकानात मिळणारं, झोपेसाठी घेतात ते मेलाटोनिन ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही; देशोदेशी नियम वेगळे. स्वतःपुरतं न्या.


कैरीचं_पन्हं

नियमावर बोट यांचा प्रतिसाद मी वाचनखुणांत साठवलाय, यापुढे प्रत्येक पाहुण्याला पाठवणार. तूप तुमच्याच घरी ठेवा. नणंदेने लोणी आणून कढवलं तर घरभर वास तरी सुटेल, आणि डच लोणी उत्तम असतं.

बाई इतिहासाच्या शिक्षिका म्हणजे मग प्रश्नच मिटला. वेर्टहाइमचं नाव काढलंत की त्याच तुम्हाला तासभर सांगतील.

फ्रेंच सासूबाई. आमच्यापासून फ्रान्सची सीमा हाकेच्या अंतरावर, स्ट्रासबुर्गला आमची ये-जा असते, त्या बळावर बोलते. जेवणासाठी म्हणून वाईन नेऊ नका. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती उघडायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आणि तुमची बाटली कुठे बसवायची हा त्यांना पेच पडतो. त्यातून कॅलिफोर्नियाची तर नकोच. १९७६ साली पॅरिसमध्ये डोळ्यांआड चव घेऊन फ्रेंच परीक्षकांनी लाल आणि पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिलं ठरवलं होतं, ते सगळे विसरलेले नाहीत. राय मात्र वेगळी. ती भेट म्हणून जावयाला नाही, मुलाला जाते, त्यामुळे सासूबाईही खूष. फुलं न्यायची तर शेवंती सोडून काहीही. शेवंती फ्रान्समध्ये थडग्यावर वाहतात. आणि तिथे जर्मनीसारखं ठोक्याला पोचायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं उशीरच सभ्यपणाचा.

बाईंसाठी वस्तू हवी असेल तर तुम्ही वॉशिंग्टनच्या जवळ आहात. नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला प्रवेश फुकट आहे, तिथल्या दुकानातून मेरी कॅसटच्या चित्रांची कार्डं किंवा छापील चित्र घ्या. ही पेनसिल्व्हेनियाची चित्रकर्ती, आयुष्य काढलं फ्रान्समध्ये, देगा या फ्रेंच चित्रकाराच्या बोलावण्यावरून इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनांत सामील झाली. होडीत आई, मूल आणि वल्हवणारा माणूस असं तिचं मोठं चित्र त्या गॅलरीतच आहे. फ्रेंच माणसाला ती आपलीच वाटते आणि वस्तू मात्र तुमच्या गावची. सपाट असते, बॅगेच्या तळाशी पुठ्ठ्यात राहते.

मुलांसाठी आणखी एक आठवलं. बाल्टिमोरची बर्गर कुकी, वर जाड चॉकलेटचा थर असतो ती. तीही १८३५ साली जर्मनीहून गेलेल्या हेन्री बर्गरचीच. डिसेंबरात चॉकलेट वितळणार नाही. एक खोकं आइंडहोव्हनला, आणि कार्ल्सरुहेला थांबताय तर दुसरं कुणाला द्यायचं ते मी सांगायला नको.


उंटावरचा_शहाणा

अवांतर: आणि येताना युरोपातून अमेरिकेत काय आणावं? मला कुणी काही आणत नाही म्हणून विचारतोय.


नियमावर_बोट

त्यासाठी वेगळा धागा काढा. तोवर एवढंच: किंडर सरप्राइझची अंडी आणू नका. खाण्याच्या वस्तूच्या पोटात न खाण्याची वस्तू ठेवायला १९३८ च्या अमेरिकन कायद्याने बंदी आहे, विमानतळावर जप्त होतात. सुरळीची वडी, तुमच्या लेकाला हे निघण्याआधीच सांगून ठेवा.